राहणार लूवान

३ ऑक्टोबर १९८५, गुरुवार

तोंगयेनला सुखरूप पोचलो. 'सुखरूप' हा शब्द अंमळ सैल अर्थाने घ्यावा. सहा तासांच्या बसप्रवासात निम्मा वेळ माझ्या मांडीवर एक बदक होते आणि उरलेला निम्मा वेळ त्या बदकाची मालकीण माझ्या खांद्यावर झोपली होती. पण घाट ओलांडून बस उतरू लागली आणि सगळा तालुका एकदम समोर आला, खुंटीवरून घसरलेल्या कोटासारखा, चुण्याचुण्यांचा, एक बाही उत्तरेला आणि एक दक्षिणेला, तेव्हा चित्त प्रसन्न झाले हे कबूल केले पाहिजे.

माझी नेमणूक इथल्या गॅझेटिअर कचेरीत आहे. डोंगर किती, नद्या किती, गावे किती, माणसे कोण, हे सारे नव्याने लिहून काढायचे. सत्तावीस वर्षे शहरातल्या वर्तमानपत्राचा वार्ताहर होतो. मग रताळ्याच्या विक्रमी पिकाच्या बातमीत एक शब्द जास्त लिहिला. तो शब्द 'म्हणे' असा होता. त्याचे फळ म्हणून हा तालुका.

कचेरीचे प्रमुख छाओ साहेब स्वतः स्टँडवर न्यायला आले. मृदू, गोल, टाळीचाही आवाज होऊ न देणारे गृहस्थ. 'जेवलात का' असे विचारून उत्तर येण्यापूर्वीच त्यांनी मला तांदळाच्या शेवयांच्या दुकानात नेले. वर आंबवलेली मिरची होती. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, तर म्हणाले, पाहुण्याला तालुका आवडल्याची आम्ही हीच खूण धरतो.

शहरातून नाव कमी झाल्याचा दाखला कोटाच्या आतल्या खिशात आहे. तीस दिवसांत, म्हणजे २ नोव्हेंबरपर्यंत, तो इथल्या पोलीस चौकीत देऊन रहिवाशांच्या वहीत नाव चढवून घ्यायचे. तोवर सरकारी दृष्टीने मी शहरात नाही, तोंगयेनमध्येही नाही, खिशात आहे. मला घाई नाही. एकदा इथे नाव चढले की परत शहरात चढणे म्हणजे नदीने डोंगर चढण्यासारखे. माझी मुलगी सूवेन तिकडे खटपट करते आहे; तिचा नवरा दूर चिंगफूला असतो. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघेच. ती म्हणाली आहे, बाबा, मी सांगेपर्यंत दाखला देऊ नका. मुलीचे ऐकण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार

कचेरी म्हणजे दोन खोल्या, एक कुलूपबंद कपाट, भिंतीशी एक लांब बाकडे आणि निंग ताई. निंग ताई चहाचे पाणी उकळतात, कागद लावतात, आणि मुख्यतः फरशी पुसतात. तीन आठवडे पावसाचा थेंब नाही, तरी बाकड्यापुढची फरशी सकाळी एकदा, दुपारी एकदा. मी म्हटले, ताई, फरशीला सर्दी होईल. त्या मान वर न करता म्हणाल्या, तुम्ही तुमची अक्षरं पुसा गुरुजी, मी माझी फरशी पुसते.

कामाची रीत अशी: प्रत्येक गावाचा एक तक्ता. घरे, माणसे, आडनावे, विहिरी. तळाशी 'माहिती देणार' म्हणून सही आणि तिच्यापुढे 'राहणार' असा रकाना. माझ्या आधीचे संपादक जी गुरुजी निवृत्त होऊन दक्षिणेला लेकाकडे गेले. जाताना त्रेचाळीस तक्ते पुरे करून गेले. चव्वेचाळिसाव्यावर फक्त नाव आहे, लूवान, बाकी कोरा. गठ्ठ्यावर त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: 'राहणार हा रकाना कोरा सोडू नये.' खाली दोन रेघा. चाळीस वर्षे कारकुनी केली की माणसाचा वेदान्त रकान्यांपर्यंत येऊन थांबतो.

शेवटचे प्रकरण 'माणसे'. त्याला एकच नियम, आणि तो फार जुना: जिवंत माणसाला प्रवेश नाही. छाओ साहेब म्हणाले, तालुक्यातले निम्मे पुढारी या प्रकरणात येण्यासाठी झुरतात आणि उरलेले निम्मे, आपण अजून आलो नाही म्हणून सुटकेचा श्वास टाकतात.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज बाजार. तारखेच्या शेवटी तीन किंवा आठ आला की सगळा तालुका दीड रस्त्यात मावतो. उत्तर बाहीतले श्यांग आडनावाचे, तेलबियांच्या डोंगरातले, बोलताना भांडल्यासारखे. दक्षिण बाहीतले ओउ आडनावाचे, भातखाचरांतले, भांडताना बोलल्यासारखे. श्यांग सांगतात, ओउंच्या घरी पाहुण्याला वाढण्यापूर्वी भाताची शिते मोजतात. ओउ सांगतात, श्यांगांच्या घरी मोजायला शितेच नसतात. यांच्यात सोयरीक होत नाही. थट्टेला माणूस उरावे म्हणून असेल.

एक गोष्ट टिपून ठेवतो. इथे दिवसातून चाळीस वेळा 'जेवलात का' विचारतात आणि उपाशी माणूसही 'जेवलो' असेच म्हणतो. मी एकदा खरे उत्तर दिले, 'अजून नाही' म्हणालो. भाजीवालीचा हात तराजूवरच थांबला. तिने माझ्या बुटांकडे पाहिले, मग कोबी दिला. निंग ताईंना सांगितले तर त्या चांगल्याच रागावल्या. ते इथे बोलायचं नाही गुरुजी, भूक लागली असेल तर मरा, पण 'जेवलो' म्हणा. आणि तो दाखला आधी चौकीत द्या. खिसा म्हणजे काही घर नव्हे.

सूवेनचे पत्र आले. आणखी थोडे थांबा म्हणते.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारी एक म्हातारा आला. बाहेर लख्ख ऊन, याच्या डोक्यावर बांबूची पावसाळी टोपी. बाकड्यावर अदबीने बसला. छाओ साहेब तेव्हाच काही काम आठवून आतल्या खोलीत गेले. मी रीतीप्रमाणे विचारले, आजोबा, जेवलात का. तो म्हणाला, "अजून नाही."

नाव वेई, गाव लूवान. आमचं गाव लिहिलंत का, असे विचारू लागला. मी समजावले की लूवान तर अठ्ठावन्न साली धरणाखाली गेले, 'उठलेली गावे' या यादीत एका ओळीत घेऊ. पण आपण सध्या कुठे असता? त्याला प्रश्नच कळला नाही. सध्या म्हणजे? तिथंच की. घरे अडतीस, माणसे दोनशे अकरा. तीस घरे वेई, आठ लो. एक विहीर गोड, एक खारट. त्याने सगळे क्रमवार सांगितले, आणि मी ते लिहून घेतले, कारण इतका व्यवस्थित साक्षीदार वार्ताहराला आयुष्यात दोनदा भेटत नाही. उकळत्या पाण्याचा पेला त्याने एका घोटात संपवला.

तो गेल्यावर बाकड्याखाली पाण्याचे दोन ठसे होते, कापडी बुटांच्या आकाराचे. निंग ताई आधीच बादली घेऊन उभ्या होत्या.

१४ ऑक्टोबर, सोमवार

स्वस्थ बसवत नाही. एखाद्या गोष्टीचा अर्धा भाग मिळाला की मला असे होते. सूवेन याला बाबांची खाज म्हणते.

चौकीतल्या जुन्या वह्या काढवल्या. अठ्ठावन्न साली लूवानच्या दोनशे अकरा माणसांना 'नाव कमी केल्याचे' दाखले दिले आहेत. जाणार कुठे, तर दक्षिणेला हेफू गावी. हेफूची त्या सालची वही काढली. आलेली माणसे: एकही नाही. पुढच्या सालची: एकही नाही. दोनशे अकरा माणसे एका वहीतून निघाली आणि दुसऱ्या वहीत पोचली नाहीत.

आज बाकड्यावर तिघे होते. म्हातारा वेई, एक बाई, तिच्या कडेवर मूल. मूल खोकत होते. मी तिघांना पाणी दिले.

खोलीत येरझाऱ्या घालत हे लिहितो आहे, म्हणून अक्षर असे.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

हेफूला जाऊन आलो. तिथला त्या काळचा नोंदणी कारकून हयात आहे. अंगणात तेलबिया सोलत बसला होता. आधी म्हणाला, मला ऐकू येत नाही. मग मी नुसताच बसून राहिलो आणि त्याच्याबरोबर बिया सोलू लागलो. तासाभराने त्याला ऐकू येऊ लागले.

म्हणाला, आले होते हो. वेशीपाशी आले होते, गाड्या, डुकरं, म्हाताऱ्या, सगळं घेऊन. त्या वर्षी आमच्याच कोठारात उंदीर उपाशी. आमच्या वरच्यांनी सांगितलं, घरं बांधून झालेली नाहीत, कापणीनंतर या. दाखले घेतलेच नाहीत. तीन दिवस वेशीवर बसले. कुणी विचारलं 'जेवलात का' तर 'अजून नाही' म्हणायचे. चौथ्या दिवशी उठून गेले.

कुठे गेले, असे मी विचारले.

तो बिया सोलत राहिला. "घरी गेले. दुसरं कुठं जाणार? धरणाची दारं त्याच आठवड्यात टाकली."

परतीच्या बसमध्ये हात सारखा कोटाच्या खिशाकडे जात होता. दाखला जागेवर होता.

१९ ऑक्टोबर, शनिवार

लिहून टाकले.

पुरावा असा आहे: त्यांचे नाव कमी झाले, चढले कुठेच नाही. म्हणजे न्यायतः ते अजून लूवानचेच. म्हणून चव्वेचाळिसावा तक्ता मी 'उठलेल्या' गावांत नव्हे, 'असलेल्या' गावांत घेतला. घरे अडतीस, माणसे दोनशे अकरा. एका 'म्हणे'पायी मी इथे आलो. यात 'म्हणे' नाही.

म्हातारा वेई समोरच होता. सही म्हणून त्याने अंगठा टेकवला, तर शाईऐवजी पाण्याचा वाटोळा डाग उमटला आणि वाळून गेला. माहिती देणाऱ्याच्या सहीशिवाय तक्ता बाद. तेव्हा मी स्वतःच सही केली: फान शूह्वाई. 'राहणार' हा रकाना मात्र कोरा ठेवला. शहर लिहावे तर खोटे, तोंगयेन लिहावे तर अजून खोटे, आणि 'खिसा' असे लिहिण्याची सोय नाही. पुढे भरता येईल.

म्हातारा उठला, दोन्ही हात जोडून माझ्यापुढे वाकला. निंग ताईंनी कोरा रकाना पाहिला आणि बादली खाली ठेवली. मला वाटते, त्या रडत होत्या. छाओ साहेबांनी तक्ता फार हळुवारपणे उचलून कपाटात ठेवला, कुलूप लावले आणि म्हणाले, आता बाकडं रिकामं होईल.

२१ ऑक्टोबर, सोमवार

बाकडे रिकामे आहे. फरशी कोरडी.

सकाळी तक्ता पाहायला मागितला. छाओ साहेबांनी कपाट उघडले. घरे एकोणचाळीस. माणसे दोनशे बारा. आणि माझ्या सहीपुढे, 'राहणार' या रकान्यात, फिकट, पाणी घातलेल्या शाईत: लूवान.

अक्षर माझे आहे. मी लिहिलेले नाही. पण 'ल'चे शेपूट मी जसे आखूड सोडतो, तसेच आहे.

चौकी दुपारनंतर बंद होती. उद्या पहिले काम तेच. सूवेनची समजूत मागाहून काढीन.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

चौकीच्या खिडकीत दाखला दिला. कारकुनाने उलटून पाहिला आणि परत सरकवला. म्हणाला, गुरुजी, थट्टा करता का, तुमचं नाव तर चढलेलं आहे. दाखल्याच्या पाठीवर 'नोंद झाली' असा शिक्का. शिक्क्यात लूवान. तारीख १९ ऑक्टोबर. शिक्क्याचा लाल रंग बोटाला लागला आणि धुतला तरी जाईना.

मी म्हटले, लूवान नावाचे गावच नाही. तो म्हणाला, आहे की, तुमच्याच कचेरीच्या तक्त्याची नक्कल आलीय. गावं चव्वेचाळीस.

माझ्या बुटांत ओल आली आहे. पाऊस नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारच्या उन्हात धरणावर गेलो. पाणी फार खाली गेले आहे. चिखलातून गाव वर आले आहे: कौले नाहीत, भिंती आहेत, पायऱ्या आहेत, एका अंगणात जाते. वेत सुकून उभे. आवाज कसलाच नाही, आणि तरी सबंध गाव कामात असावे तसे वाटते.

घरे मोजली. प्रत्येक चौकटीवर कागदाची पट्टी आहे, आडनाव आणि माणसांचा आकडा. वेई, सात. वेई, चार. लो, नऊ. अडतीस घरे. मग वळणापाशी एकोणचाळिसावे. त्याच्या दाराचे लाकूड नवे आहे, रंध्याचा वास अजून गेलेला नाही.

पट्टीवर: फान. माणसे: एक.

आकड्याखाली आणखी एका नावापुरती जागा सोडलेली आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

सूवेनचे पत्र. आनंदाचे आहे, म्हणून दोनदा वाचवले नाही. तिला नवऱ्याच्या गावी, चिंगफूला बदली मिळाली आणि सोबत म्हाताऱ्या वडिलांना न्यायची परवानगीही. लिहिते: 'शहरातून माझंही नाव कमी झालं, बाबा. आता आपण दोघंही खिशातली माणसं! तुम्ही निघू नका, मीच न्यायला येते. दोन तारखेच्या आत चिंगफूला दोघांची नावं एकदम चढवू.'

दोघांची नावे. खिशातली माणसे.

ती जागा कुणासाठी आहे ते मला कळले.

लगेच लिहिले: येऊ नकोस. आलीसच तर कशावरही सही करू नकोस. पत्र टाकले तेव्हा पाकीट ओले होते. माझ्या हातांनी.

२८ ऑक्टोबर, सोमवार

पत्राचा भरवसा नाही, म्हणून स्वतःच निघालो. सातची बस. तिकिटाचे पैसे पुढे केले, बाई माझ्या मागच्या माणसाशी बोलली. तरी चढलो. बसलो. ती बदकवाली आली, माझ्या जागेकडे पाहून म्हणाली, ही रिकामी दिसते, आणि बदकाची पाटी माझ्या मांडीवर ठेवली. बदक मात्र माझ्याकडे पाहत होते.

घाटाच्या माथ्यावर बस पोचली असेल. बदकही. मी स्टँडवर उभा होतो, बुटांतून पाणी गळत—

पुन्हा प्रयत्न केला. दुपारी पायी, दोनदा. दोन्ही वेळा रस्ता उतरून धरणाकडेच—

२९ ऑक्टोबर, मंगळवार

मी टाकलेले पत्र परत आले आहे. टेबलावर पडले आहे. 'पाठवणाऱ्याचा पत्ता अस्तित्वात नाही.'

शेजारी छाओ साहेबांच्या अक्षरातली एक चिठ्ठी. वरती: प्रकरण शेवटचे, माणसे. खाली: 'फान शूह्वाई. वार्ताहर. शैली नर्मविनोदी.'

जुना नियम मला ठाऊक आहे. तो मीच लिहून ठेवला आहे, पाच तारखेला, विनोद म्हणून.

छाओ साहेब आत आले. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. ते माझ्या आरपार खिडकीकडे पाहत निंग ताईंना म्हणाले, बाकड्याखाली पुन्हा ओल आली आहे, पाहा.

३० ऑक्टोबर, बुधवार

निंग ताईंना मी दिसतो.

सगळे गेल्यावर त्या बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. अंतर ठेवून. म्हणाल्या, गुरुजी, जेवलात का.

मी 'जेवलो' म्हणायला तोंड उघडले. म्हणालो, अजून नाही.

मग त्यांनी पदराने नव्हे, फरशीच्या फडक्याने डोळे पुसले. म्हणाल्या, जी गुरुजींना मी वेळेत सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं आणि लूवानचा तक्ता कोराच सोडला. तुम्हाला सांगायला गेले तर तुम्ही हसलात. तुमच्या हसण्याचाच मला राग यायचा, म्हणाल्या. तक्त्यावरची तुमची सही फुटत चालली आहे, ओल लागून. छाओ साहेब घाबरलेत. सही गेली तर तक्ता बाद, आणि मग ते दोनशे अकरा पुन्हा या बाकड्यावर. त्यांना नवी सही हवी आहे. मुलगी येणार हे त्यांनी तुमच्या पत्रात वाचलंय.

मी सांगितले, तिला अडवा. ती शहराहून बसने येईल. त्या म्हणाल्या, रोज स्टँडवर उभी राहीन, आली की परत फिरवीन, तोंडावर पाणी फेकीन पण फिरवीन.

माझ्या बाजूचे असे एक माणूस आहे. पुष्कळ झाले.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

आली नाही. ताई संध्याकाळपर्यंत स्टँडवर.

बसवत नाही, निजवत नाही. येरझारा. मी जिथे चालतो तिथे—

बाकड्यावर म्हातारा वेई आज माझ्याशेजारी होता. समजूत घालतो मला. म्हणतो, एकट्याने राहू नये माणसाने. घर मोठं आहे.

तो वाईट नाही. हेच भयंकर आहे. त्यांच्यातले कुणीच—

२ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ

शेवटचा दिवस. ताई पहाटेच स्टँडवर गेल्या. आजचा दिवस टळला की सूवेन—

दहा वाजता

सूवेन दारात उभी आहे.

बसने नाही. चिंगफूहून नवऱ्याच्या ओळखीच्या ट्रकने, दक्षिणेच्या रस्त्याने. ताई स्टँडवर आहेत. उत्तरेला.

केस बारीक केले आहेत. निळा कोट, आईचा. दमली आहे. छाओ साहेबांनी खुर्ची दिली. जेवलीस का, बेटा. "जेवले." शाबास, पोरी, मी मनाशी म्हटले.

तिला सांगताहेत—हळू, फार हळू—तुझे बाबा धरणावर माहिती घ्यायला गेले, आणि—

ती रडत नाही. खुंटीवरचा माझा कोट मांडीवर घेऊन बसली आहे. खिसा तपासते आहे.

मी हाक मारतो. तिने फक्त निळ्या कोटाची कॉलर वर ओढून घेतली.

छाओ साहेबांनी कपाट उघडले. तक्ता. म्हणतात, बाबांचं शेवटचं काम आहे हे, बेटा. सही पुसट झाली आहे. वारस म्हणून तू केलीस तर ग्रंथात राहील.

ती वाचते आहे. अक्षरावर बोट फिरवते आहे. बाबांचं 'ल', म्हणाली. हसली.

सूवेन, करू नकोस—

केली.

राहणार. पेन थांबले आहे. म्हणते, साहेब, इथे काय लिहू, मी तर सध्या कुठलीच नाही. खिशातच आहे.

असू दे कोरा, म्हणाले ते. पुढे भरता येईल.

कोरा. अजून कोरा आहे. तक्ता टेबलावर, ती पाठमोरी, छाओ साहेब शिक्का शोधताहेत. रकाना मी भरू शकतो. चिंगफू लिहायचे. तिच्या नवऱ्याचे गाव. इतकेच लिहिले की ती तिथली. जी गुरुजींची, गठ्ठ्यासोबत राहिलेली पेन्सिल आहे माझ्याकडे. चुकता कामा नये. आधी इथे, या रोजनिशीत, गिरवून पाहतो, हात बसावा म्हणून.

सूवेन. राहणार: लू

नाही. पुन्हा. सावकाश. चिं

सूवेन. राहणार: लूवा